एक सूत म्हणजे १०१६ पावलं

फेब्रुवारी १९५९ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेनं पत्रकारांना बोलावून आपली नवी करामत दाखवली. आकड्यांच्या हुकमावर धातू कोरणारं यंत्र तिथं काही वर्षं आधीच चालू झालं होतं; आता हव्या त्या आकाराचं वर्णन इंग्रजीसारख्या शब्दांत लिहून दिलं, की संगणक त्या यंत्रासाठी हुकमांची फीत आपणच तयार करू लागला होता. या उद्योगामागे हवाई दलाचा पैसा होता, गणितज्ञांची वर्षं होती, हेलिकॉप्टरची पाती आणि विमानांचे पंख होते. एवढं सगळं झाल्यावर पाहुण्यांच्या हातात आठवण म्हणून काय पडलं, तर ॲल्युमिनियमचं एकेक रक्षापात्र. सिगारेटची राख झाडायचं. मला ही हकिगत फार प्रिय आहे. आमच्या परसातल्या खोलीत माझा सीएनसी राउटर आकाराला येत होता, तेव्हा ज्या ज्या मंडळींनी दारात उभं राहून "पण ह्याच्यावर तुम्ही बनवणार काय?" असं विचारलं, त्या सगळ्यांना मी मनातल्या मनात एकेक रक्षापात्र भेट देत आलो आहे.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही, त्यांना त्याचं रूप सांगायला हवं. एक सपाट टेबल, त्याच्या दोन्ही कडांनी रूळ. रुळांवर पुढे-मागे सरकणारा एक पूल, पुलावर डावी-उजवीकडे धावणारी एक गाडी, आणि त्या गाडीला लटकलेली, वर-खाली होणारी एक मोटर. या मोटरच्या टोकाला चिमटीत मावेल एवढं बिट असतं आणि ते मिनिटाला २४,००० फेरे घेत लाकडात शिरतं. पुढे-मागे, डावी-उजवी, वर-खाली. एवढ्या तीन दिशांत या जीवाचं सगळं आयुष्य. पण त्या तिन्ही हालचाली एकमेकींत नीट मिसळल्या, की सागवानात गणपतीही उमटतो आणि 'येथे वाहने लावू नयेत'ही उमटतं. दोन्हीसाठी तो तेवढ्याच निष्ठेनं राबतो. मी आयुष्यभर बँकेत हिशेबाच्या टेबलावर बसलो. माझ्या निष्ठेला अशी समदृष्टी कधी साधली नाही.

अशी यंत्रं तयार मिळतात. मग घरी कशाला, या प्रश्नाला माझ्याजवळ धड उत्तर नाही. पण कोल्हापुरात राहण्याची एक सोय आहे. इथं माणूस घरात यंत्र बनवतोय म्हणाला, तर त्याच्या डोक्याबद्दल कुणी शंका घेत नाही. किती हॉर्सपॉवरचं, एवढंच विचारतात. ज्या गावानं ऑइल इंजिनं बनवून शेताशेतांच्या विहिरींवर पाठवली, त्या गावच्या माणसाला मशीन म्हटलं की ते डुग डुग वाजणारच असं वाटतं. उद्यमनगराच्या गल्लीतून नुसतं चालत गेलं तरी अंगाला थोडी कारागिरी चिकटते. लेथखाली पडलेली लोखंडाची चमकदार वेटोळी, भट्टीच्या वाळूचा करपट वास, आणि कुठल्याशा शेडमधून येणारा कानशीचा तो दातांवर उमटणारा आवाज. रूळ, बॉलस्क्रू आणि मोटरी कुरिअरनं घरी आल्या, पण पुलासाठी ॲल्युमिनियमचे जाड पट्टे मी तिथल्या भंगारातून वजनावर आणले, आणि त्याच खेपेला मला मेस्त्रीही मिळाले. सत्तरीच्या घरातले, चष्म्याच्या एका काडीला तांब्याची तार गुंडाळलेली, बोलणं मोजकं. पट्टा हातात घेऊन त्यांनी एक डोळा मिटला, दुसऱ्यानं त्याच्या कडेवरून दूर पाहिलं आणि म्हणाले, "साहेब, ह्यो मधी पोट काढतोय." मला पोट दिसलं नाही. व्हर्निअरलाही ते मोठ्या मिनतवारीनं दिसलं.

यंत्राचा मेंदू भाच्याकडे होता. तो इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि जगातल्या सर्व गोष्टी 'सिंपल आहे, मामा' या सदरात टाकतो. तळहातावर मावणारा एक बोर्ड आणि त्यावर ग्रबल नावाचा एक प्रोग्राम. एका नॉर्वेजियन गृहस्थानं तो २००९ साली लिहायला घेतला आणि जगाला फुकट देऊन टाकला. ज्या चिपमध्ये हा प्रोग्राम राहतो तिची जागा आहे अवघी ३२ किलोबाइट. सकाळी व्हॉट्सॲपवर येणाऱ्या एका 'सुप्रभात'च्या गुलाबात असे दोन-चार मेंदू सहज मावतील. एवढ्याशा जागेत बसून तो पुढच्या पंधरा-सोळा हालचाली आधीच वाचून ठेवतो, कुठं वळण आहे, कुठं वेग कमी करायचा ते ठरवतो, आणि वळणावर पुलाला हिसका बसू देत नाही. आमच्या एसटीच्या काही चालकांना तो दाखवून आणावा असं मला फार वाटतं.

या मेंदूच्या आधी ही कामं माणसं कशी करत, ती हकिगत तर त्या रक्षापात्राहूनही मजेची आहे. मिशिगनमधल्या ट्रॅव्हर्स सिटीत जॉन पार्सन्स नावाचा उद्योजक हेलिकॉप्टरची पाती बनवत असे. पात्याची वक्ररेषा कापायची, तर त्यानं आधी तिच्यावरचे पुष्कळ बिंदू पंचकार्डाच्या यंत्राकडून मोजून घेतले. मग मिलिंग मशीनवर एक जण आकडे मोठ्यानं वाचणार, दुसरा आडवं चाक फिरवणार, तिसरा उभं. बिंदूमागून बिंदू. या तिघांच्या जागी यंत्र बसवावं या विचारातूनच पुढे एमआयटीशी गाठ पडली, आणि १९५२ मध्ये पंच केलेल्या फितीवर चालणारं पहिलं मशीन उभं राहिलं. त्याला हुकूम देणाऱ्या व्हॅक्यूम ट्यूबांच्या कपाटांनी मशीनहून जास्त जागा अडवली होती. मला मात्र राहून राहून ते तिघंच दिसतात. बँकेत दिवस मावळताना आम्ही हेच करत असू. एक जण खतावणीतले आकडे वाचणार, दुसरा समोरच्या कागदावर लाल पेन्सिलीनं खूण करणार. वाचणाऱ्याचा आवाज हळूहळू पोथी वाचल्यासारखा लागायचा, ऐकणाऱ्याला डुलकी यायची, आणि त्या डुलकीतही 'पाचशे बावन्न' च्या जागी 'पाचशे बासष्ट' आलं की तो खाडकन जागा व्हायचा. ट्रॅव्हर्स सिटीतला उभ्या चाकाचा माणूस कधी पेंगला असेल का? पेंगला असेल, तर कुणाच्या तरी हेलिकॉप्टरच्या पात्यात एक बारकी डुलकी कोरली गेली असणार.

सांगाडा उभा करायची वेळ आली आणि एका नव्याच टंचाईची जाणीव झाली. काटकोन ही वस्तू घरात फारशी आढळत नाही. परसातली खोली आजोबांच्या वेळची, आधी वैरणीची, मग जळणाची, मग कुणालाच नको असलेल्या सगळ्याची. इतकी वर्षं तिचे चारही कोपरे आम्ही चौकोनी धरून चाललो होतो. गुण्या लावला तर एक कोपरा उदार निघाला, एक कंजूष, आणि उरलेले दोघे प्रसंग पाहून वागणारे. मग मला गुण्या लावायचा नादच लागला. देवघर, खिडकी, जेवणाचं टेबल, बायकोच्या माहेरहून आलेलं शिसवी कपाट. कपाटाला गुण्या लावला त्या रात्री घरात थोडी शांतता होती. मेस्त्री म्हणाले, "दुसऱ्याला लावायच्या आधी गुण्या बघितलासा काय?" त्याचीही एक परीक्षा असते. सरळ कडेच्या फळीला गुण्या टेकवून एक रेघ मारायची, मग तो उलटा करून त्याच जागेवरून दुसरी. रेघा एकीवर एक बसल्या तर गुण्या खरा. फाकल्या, तर जेवढी फट दिसते तिच्या निम्मी त्याची लबाडी. इतकी सभ्य परीक्षा मी दुसरी पाहिली नाही. त्यात बाहेरचा साक्षीदार लागत नाही. फक्त त्याला एकदा पालथं होऊन तेच विधान पुन्हा करायला सांगायचं.

मोठ्या चौकटीला गुण्या पुरत नाही, तिथं दोन कर्ण मापायचे. वेदीचे कोपरे दोरीनं काढणाऱ्या शुल्बसूत्रांच्या काळापासून माणूस या कर्णांच्या पाठीमागे आहे. मी एका टोकाला टेप धरून, बायको दुसऱ्या टोकाला. "किती?" "तुमच्याकडे शून्यावर आहे का?" संसारात हा प्रश्न इतक्या थेटपणे क्वचितच विचारला जातो.

पण मनात एक शंका घर करून राहिली. गुण्या खरा की खोटा हे उलटून कळेल, पण ज्या फळीवर रेघ मारली तिची कड सरळ आहे हे कशावरून? दुसऱ्या पट्टीवरून. ती पट्टी कशावरून? असं मागं मागं जात राहिलं तर जगातली पहिली सरळ वस्तू कुणी बनवली, आणि तिला कशाशी ताडून पाहिलं? ही शंका मी मेस्त्रींना विचारली तेव्हा ते बराच वेळ तंबाखू मळत राहिले. मग उठून शेडच्या कोपऱ्यातून बिडाच्या तीन पाट्या घेऊन आले. एकीवर निळा रंग पुसट चोळला, दुसरी तिच्यावर पालथी ठेवून घासली. दुसरीवर जिथं जिथं निळे डाग उठले ते उंचवटे. स्क्रेपरनं ते अलगद खरवडायचे, पुन्हा रंग, पुन्हा घासणं, सगळीकडे सारखे डाग येईतो. "आता ह्या दोगी एकमेकीला बसल्या," मेस्त्री म्हणाले, "म्हंजे सरळ झाल्या काय?" मी हो म्हणणार होतो. त्यांनी एक तळहात फुगवला, दुसरा त्यावर खोलगट करून बेतानं बसवला. एकीला पोट आणि दुसरीला तेवढाच खड्डा असला तरी दोघी एकमेकींना तंतोतंत बसतात, आणि दोघी वाकड्या असतात. म्हणून तिसरी पाटी. पहिली दुसरीवर, दुसरी तिसरीवर, तिसरी पहिलीवर. तिघी आपसांत कशाही फिरवून बसल्या, तरच तिघी सपाट. आरंभीला एकही सरळ नव्हती, आणि तरीही.

मेस्त्रींना जोसेफ व्हिटवर्थ हे नाव ठाऊक नाही. लंडनच्या हेन्री मॉडस्लीच्या कारखान्यात हात घडवलेल्या या माणसानं १८४० साली ग्लासगोच्या विद्वत्सभेत नेमकं हेच निबंध वाचून सांगितलं, आणि दळून सपाट करण्याऐवजी खरवडून सपाट करा असा आग्रह धरला. मी घरी येताना त्या तीन पाट्यांचाच विचार करत होतो. आमच्या लग्नानंतरची पहिली वर्षं आम्ही दोघं एकमेकांना इतके बेमालूम बसलो होतो, की लोक उदाहरण देत. मला बोलायचं असे, तिला ऐकायचं असे. मला चहा हवा, तिला करायचा. मग माझी आई गावाहून कायमची राहायला आली. पहिल्याच आठवड्यात जिकडे तिकडे निळे डाग. चहा स्वतः करून घ्यायला मी त्याच वर्षी शिकलो, आणि बायको बोलायला. आई गेल्याला आता बरीच वर्षं झाली. पण अजूनही काही वेळा आम्ही दोघं एखाद्या गोष्टीवर फारच पटकन एकमताला आलो, की थोडं थांबतो आणि आईनं काय म्हटलं असतं ते एकमेकांना विचारून पाहतो.

सांगाडा सरळ झाल्यावर मोटरी बसल्या. त्या पंख्यासारख्या अखंड फिरत नाहीत, पावलं टाकतात. एका फेऱ्याला दोनशे पावलं. त्या प्रत्येक पावलाचे मोटरीच्या ड्रायव्हर सर्किटनं आणखी आठ तुकडे केले. मोटर फिरवते त्या बॉलस्क्रूचा एक फेरा म्हणजे पाच मिलिमीटर पुढे. तेव्हा एका मिलिमीटरला पावलं ३२०. आमच्याकडचा सुतार अजून सुतात बोलतो, इंचाला आठ सूत. एक सूत म्हणजे ३.१७५ मिलिमीटर. आणि या यंत्रांतल्या बारक्या बिटांची दांडी जगभर बहुतेक एवढ्याच जाडीची, ३.१७५ ची असते. खोक्यावर तसं छापलेलंच असतं. आमच्या गल्लीतल्या सुतारानं ते बिट चिमटीत धरून "सूतभर" म्हटलं आणि खोक्याकडे पाहिलंही नाही. हिशेब मांडला: एक सूत, १०१६ पावलं. एकही कमी नाही, जास्त नाही, अपूर्णांक नाही. दिवसअखेर रोकड पै-पैला जुळली की कॅशिअरच्या चेहऱ्यावर जे तेज येतं, ते त्या दिवशी माझ्याही आलं असावं, कारण बायकोनं विचारलं, "कुणाचा फोन होता?" या आनंदाला एक बारीक गालबोट आहे. एक पाऊल म्हणजे मिलिमीटरचे तीन हजारांश, आणि पुलाला अंगठ्यानं नुसतं रेटलं तरी तो त्याच्या कितीतरी पट लवतो. आकडा सूक्ष्मतेच्या गोष्टी सांगतो, देह आपल्या परीनं वागतो.

या मोटरींची आणखी एक गोष्ट मला पहिल्यांदा कळली तेव्हा मी थोडा वेळ काहीच केलं नाही. त्यांना आपण कुठं आहोत हे दिसत नाही. त्या फक्त मोजतात. हुकूम आला १०१६ पावलं, टाकली १०१६ पावलं, म्हणजे आपण सूतभर पुढे आलो असा विश्वास. वाटेत लाकडाची गाठ लागून चार पावलं हुकली, तरी त्यांच्या लेखी प्रवास बिनचूक झालेला असतो. वीज गेली की मोजलेलं सारं विसरायला होतं, आणि पावसाळ्यात आमच्या भागात वीज जायला ढग पुरतात. एकदा गणपतीचा एक कान झाला आणि दिवे गेले. दिवे आल्यावर यंत्र उभं राहिलं ते थेट अलार्म देऊन, मी कुठं आहे मला ठाऊक नाही, मला हलवू नका, अशा अर्थाचं. मग त्याला होमिंगला पाठवायचं. पूल सावकाश एका कोपऱ्याकडे सरकतो, तिथल्या स्विचला हलकेच टेकतो, किंचित मागे येतो, खात्रीसाठी पुन्हा टेकतो. तो शून्य. तिथून पुन्हा सगळं जग मोजता येतं.

शेवटच्या वर्षांत आजोबांना जवळजवळ दिसत नव्हतं. पण ते पहाटे उठून एकटे मागच्या दारी तुळशीपाशी जात. सोप्यातला लाकडी खांब हा त्यांचा शून्य होता. आधी त्याला तळवा लावायचा, मग ओठांतल्या ओठांत मोजत निघायचं. इतक्या पावलांवर उंबरा, इतक्यांवर पायरी, इतक्यांवर वृंदावन. मला वाटे ते जप करताहेत. वाटेत कुणी पाट विसरला आणि ठेच लागली की त्यांचं मोजणं मोडे. मग ते तिथून अंदाजानं पुढे जात नसत. हात पुढे करून, चाचपत, पुन्हा खांबापर्यंत येत, त्याला तळवा लावत आणि पहिल्यापासून सुरुवात करत. घरातलं कुणी धरायला गेलं तर हात झटकत. भाचा म्हणतो की मोटरींना पुढे एन्कोडर बसवू, मग त्यांना हुकलेलं पाऊल कळेल. बसवू की. खांब अजून जागेवर आहे. माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर त्याचा एक तुकडा इतर लाकडाहून गुळगुळीत आहे, आणि तो कुठल्याही बिटानं केलेला नाही.

यंत्र चालू झालं की त्याचं पहिलं काम म्हणजे स्वतःचं टेबल तासणं. एमडीएफचा पाटा बसवायचा आणि रुंद बिटानं यंत्रालाच त्याच्यावरून ओळीनं फिरवायचं. जे त्याला सपाट वाटतं ते त्याच्या राज्यात सपाट. पण एमडीएफ म्हणजे डिंकात दाबलेला भुसा. कोल्हापूरच्या पावसात त्याला दमा होतो. रंकाळा तलाव भरत आला की आमचा पाटाही फुगतो आणि पुन्हा तासावा लागतो. दरसालचं आहे, आता मी त्याला पंचांगातच धरतो.

आणि हे यंत्र गातं. शेजाऱ्यांचं मत वेगळं आहे, पण ऐकणाऱ्यानं ऐकावं. मोटरींच्या पावलांची गती वाढली की स्वर चढतो, मंदावली की उतरतो. सरळ रेषा म्हणजे एकच लांब सूर. कोपरा म्हणजे तुटलेली तान. पण गोल कापायला लावला की आडव्या मोटरीचा स्वर चढत जातो, तसतसा पुढे-मागे नेणाऱ्या मोटरीचा उतरत शून्याला येतो, तिथं क्षणभर विसावतो, आणि ती पुन्हा वर येऊ लागली की पहिली खाली निघते. मध्ये कुठंही पायरी नाही, सगळी मींड. खाली बिट फिरवणाऱ्या स्पिंडलचा तंबोरा अखंड लागलेला. ज्या गावात शाहू महाराजांच्या दरबारी अल्लादियाखाँसाहेब गायले आणि ज्या गावात देवल क्लब आहे, तिथं हे बोलायला धाडस लागतं हे मला कळतं. मी डोळे मिटून पाच इंची वर्तुळ ऐकत होतो, तेव्हा बायको दारात येऊन म्हणाली, "त्याला म्हणावं निदान समेवर तरी ये."

पहिली पाटी गल्लीच्या तोंडाशी लावायची होती, 'वाहने सावकाश चालवा'. इथं देवनागरीनं आपलं पाणी दाखवलं. संगणकातलं प्रत्येक अक्षर आपापल्या शिरोरेषेचा तुकडा डोक्यावर घेऊन येतं, आणि शेजाऱ्याच्या तुकड्यात थोडं घुसून उभं राहतं. डोळ्याला ती एक रेघ दिसते. यंत्राला प्रत्येकाची हद्द वेगळी दिसते, आणि ते इमानेइतबारे प्रत्येक जोडावर कुंपण कोरतं. ते तुकडे आधी एकजीव करून घ्यावे लागतात. आरपार कापायचं तर आणखी पंचाईत. 'व'चं पोट गळून खाली पडतं, म्हणून त्याला एक बारीक लाकडी पूल ठेवून धरून ठेवायचं. 'वाहने सावकाश चालवा' मध्ये 'व' तीन. पाटी लागली. वाहनांचा वेग होता तोच आहे, पण आता काही जण मागे वळून अक्षरं बघतात, आणि त्यानं धोका थोडा वाढला असावा.

ती पाटी पाहूनच मेस्त्री एका दुपारी घरी आले. चप्पल बाहेर काढली, खोलीभर फिरले, पुलाला एक डोळा मिटून पाहिलं, 'व'च्या कडेवरून अंगठा फिरवला. मग पिशवीतून एक जुनी बिडाची पुली काढून टेबलावर ठेवली. फाउंड्रीत ओतायची आहे, लाकडी पॅटर्न करणारा गडी मुलाकडे बेंगळुरूला निघून गेलाय, तुमच्या मशीनवर होईल काय? मला झालेला आनंद लपवत मी व्हर्निअर काढला आणि शतांशापर्यंत मापं लिहून घेऊ लागलो.

"तेवढी माप नगा लिहू," मेस्त्री म्हणाले. "बीड गार झालं की आकसतंय. शेकड्याला एक वाढवून घ्या सगळं."

मी वाढवून घेतलं. बाजू गुण्यात ठेवतो म्हणालो. ते हसले. मी त्यांना हसताना प्रथमच पाहत होतो.

"गुण्यात करून कसं चालंल साहेब? पॅटर्न वाळूतनं वर काढताना कडा ढासळत्यात. जरा तिरकंच पायजे. एक-दीड अंश उतार द्या."

भाच्यानं स्क्रीनवर पाहत सांगितलं की मामा, आपलं बिट सरळ आहे, उतार द्यायचा तर बारीक बारीक पायऱ्या पडतील. मेस्त्रींनी 'पायऱ्या' एवढंच ऐकलं आणि सदऱ्याच्या खिशातून पॉलिश पेपरचा मऊ पडलेला तुकडा काढून टेबलावर ठेवला.

"पडू देत की. त्या मी घासतो," ते म्हणाले. "बिल कुणाच्या नावानं करायचं तेवढं सांगा. तुमच्या का मशीनच्या?"